नळाचं पाणी फिश टँकमध्ये घालताना वॉटर कंडिशनर किती आणि कधी टाकायचं?

बादलीत पाणी बदलत असाल तर फक्त बादलीतल्या पाण्यापुरता डोस, आणि तो पाणी टँकमध्ये ओतण्याआधी. पाइपने थेट टँकमध्ये भरत असाल तर डोस पूर्ण टँकच्या हिशेबाने, तोही नळ सोडण्याआधी. इथेच बहुतेकांची गल्लत होते. टँकचे लिटर काढायला लांबी × रुंदी × पाण्याची उंची (सेंमी) भागिले १०००. प्रति लिटर प्रमाण बाटलीवर असतं; प्रत्येक ब्रँडचं वेगळं, म्हणून अंदाजे झाकणभर ओतू नका.

कंडिशनरने नळाच्या पाण्यातलं क्लोरीन दोनेक मिनिटांत निष्प्रभ होतं. पाणी २४ तास उघडं ठेवलं तरी क्लोरीन उडून जातं, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीन-अमोनियाचं संयुग) तसं जात नाही. साध्या कंडिशनरमधल्या सोडियम थायोसल्फेटने क्लोरामाइन फुटतं खरं, मात्र अमोनिया मागे राहतो. तुमच्याकडे क्लोरामाइन येत असेल तर अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर घ्या. थोडा जास्त डोस सहसा चालतो, कितीतरी पट झाला तर पाण्यातला ऑक्सिजन घटू शकतो, तेव्हा एअर पंप चालू ठेवा.

नव्या पाण्याचं तापमान टँकएवढंच हवं. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले उपयोगी जिवाणू मरतात; टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.