कर्सर फिरतो, क्लिक होतं, पण टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल होत नाही. पॅड बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर विंडोज 11 आहे, कर्सर आणि क्लिक व्यवस्थित चालतं, पण दोन बोटांनी पान वर-खाली करायला गेलं की आधी अडकत-अडकत सरकायचं आणि गेल्या अपडेटनंतर तेही बंद झालं. दुकानदार म्हणतो, पॅड बदलावा लागेल.

एवढ्यात बदलू नका. मी लॅपटॉप दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून ठामपणे सांगतो: कर्सर नीट फिरतोय म्हणजे पॅड जिवंत आहे. अशा तक्रारींत बहुतेक वेळा एकही सुटा भाग लागत नाही, आणि तरीही लोकांच्या खिशाला चाट बसते याचं मला फार वाईट वाटतं.

स्क्रोल करणं हे मुळात पॅडचं काम नाही. पॅडच्या पृष्ठभागाखाली इलेक्ट्रोडची बारीक जाळी असते. किती बोटं टेकली आहेत आणि ती कुठे आहेत, एवढंच ती कळवते. दोन बोटं एकत्र सरकली म्हणजे स्क्रोल करायचं, हा अर्थ विंडोज लावतं. 2013 मध्ये विंडोज 8.1 बरोबर 'प्रिसिजन टचपॅड' आले तेव्हापासूनची ही पद्धत. त्याआधी हे काम सिनॅप्टिक्स, एलान वगैरे पॅड बनवणाऱ्या कंपन्यांचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि पॅड यांची गाठ घालून देणारी छोटी सॉफ्टवेअर, करायचे. विंडोजला पॅड नीट ओळखता आला नाही, की तो साध्या माऊससारखा वागतो. कर्सर हलतो, क्लिक होतं, पण दुसऱ्या बोटाची दखल कुणी घेत नाही. अपडेटनंतर तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

सेटिंग्जमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', तिथे 'टचपॅड' आणि त्यात 'स्क्रोल अँड झूम' उघडा. दोन बोटांनी स्क्रोल करायची खूण निघाली असेल तर ती लावा, विषय संपला. पण टचपॅडचं हे पानच गायब असेल किंवा त्यात स्क्रोलचा पर्यायच दिसत नसेल, तर गाडी ड्रायव्हरवर अडली आहे.

मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'ह्युमन इंटरफेस डिव्हायसेस'खाली 'एचआयडी कम्प्लायंट टच पॅड' (हा तुमचा पॅड) आणि 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस' (पॅड लॅपटॉपशी ज्या मार्गाने बोलतो तो) अशी नावं शोधा. टच पॅडचं नाव नसेल आणि 'माइस' या गटात नुसता 'पीएस टू कम्पॅटिबल माऊस' दिसत असेल, किंवा आयटूसीच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल आणि आत 'कोड 10', म्हणजे हे डिव्हाइस सुरूच होत नाही, असं लिहिलेलं असेल, तर दोष तिथेच आहे.

यावर पहिला उपाय फुकटातला आहे. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा. नुसतं शट डाउन केलं तर 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही, जुनीच अवस्था जपून ठेवतं. मशीन बंद झालं की चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. कोड 10 दाखवणारे कितीतरी पॅड एवढ्यावर शुद्धीवर येतात.

नाहीच आले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर डबल क्लिक करून 'ड्रायव्हर'च्या टॅबमध्ये जा. 'रोल बॅक ड्रायव्हर' चालू असेल तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जा. ते बटण फिकं असेल तर लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घ्या आणि बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवा. इथे क्रम महत्त्वाचा: आधी मदरबोर्डचे, म्हणजे 'चिपसेट' आणि 'सीरियल आयओ' या नावांचे ड्रायव्हर, मग टचपॅडचा. पॅड ज्या मार्गाने बोलतो तो मार्गच बंद असेल, तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही टाकून उपयोग नाही. हे करताना यूएसबी माऊस जवळ असू द्या, कारण मधेच कर्सरही जाऊ शकतो. आणि 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी प्रोग्रॅम कृपा करून टाकू नका.

आता अपडेटच्या आधी स्क्रोल अडकायचं त्याबद्दल. ते चार्जिंग चालू असतानाच व्हायचं का, हे आठवून पाहा. आपल्याकडे हे फार आढळतं आणि याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. चार्जरचा प्लग तीन पिनांचा असतो, भिंतीतलं सॉकेट दोन पिनांचं, म्हणून मधे कन्व्हर्टर लावला जातो. किंवा सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. चार्जरमधून थोडासा विद्युतप्रवाह नेहमीच झिरपतो. त्याला जमिनीत जायला वाट मिळाली नाही की तो लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. धातूच्या बॉडीवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर ती खरखरीत लागते, बारीक झिणझिण्या येतात. पॅड बोटामुळे होणारा अगदी सूक्ष्म विद्युतबदल मोजत असतो, त्यामुळे या गोंधळात त्याला एक बोट की दोन हे धड कळत नाही. कर्सर थरथरतो, पान मधेच उडी मारतं. चार्जर काढून बॅटरीवर स्क्रोल करून पाहा. लगेच सुधारलं तर पॅडला हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. घरातल्या माणसांसाठीही ते गरजेचं आहे.

घामेजलेली बोटं, तेलकट हात, पावसाळ्यातली दमट हवा यांचाही त्रास होतो. मशीन बंद करून किंचित ओल्या मऊ कापडाने पॅड पुसा, मग कोरड्या कापडाने.

एक गोष्ट मात्र आजच बघा. लॅपटॉप बंद करून डोळ्यांच्या पातळीवर धरा. पॅडची एखादी कड वर आली आहे का? क्लिक घट्ट झालंय का? टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का? बऱ्याच मॉडेलमध्ये बॅटरी पॅडच्या अगदी खाली असते आणि ती फुगली की पॅडला खालून ढकलते. असं दिसलं तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, पॅड दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बॅटरीला टोचू नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती बदलून घ्या आणि जुनी ई-कचऱ्यातच द्या. बॅटरी बदलली की पॅड पुष्कळदा आपोआप पूर्ववत होतो.

एवढं करूनही शंका उरली तर पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन, इन्स्टॉल न करता, 'ट्राय'वर चालवून पाहा. तिथे दोन बोटांनी छान स्क्रोल झालं तर दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही बॅटरीवर चालताना अडकत असेल, तर पॅड किंवा त्याला मदरबोर्डशी जोडणारी चपटी रिबन केबल तपासायला लागेल. मधे रॅम किंवा एसएसडी टाकायला लॅपटॉप उघडला होता का? मग आधी केबल नीट बसवून बघायला सांगा.

आणि पॅड खरोखरच गेला असेल, तर दुकानदाराला विचारा की तुमच्या मॉडेलला नुसता पॅड मिळतो की पामरेस्टसकट (कीबोर्डपुढे तळहात टेकतो त्या भागासकट) घ्यावा लागतो. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो, तेव्हा दर आधी लिहून घ्या. जुना भाग परत मागा आणि लॅपटॉप हातात देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसतंय ते मॉडेल नंबरसह इथे लिहिलंत तर मी पुढचं सांगतो.