डायचा उजेड कमी झाला म्हणजे एनर्जी ट्रान्सफर झाले का?

यंदाही प्रोजेक्टचा हंगाम सुरू झाला आणि ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांतून सोन्याचे नॅनोक्लस्टर आणि डाय (प्रकाश टाकला की स्वतः उजेड देणारे रंगद्रव्य) यांबद्दल तेच प्रश्न आले. निवडक प्रश्नांना इथे उत्तरे देते.

प्रश्न : सोन्याचा नॅनोपार्टिकल आणि नॅनोक्लस्टर एकच ना? (बीएस्सी, नेरूळ)

नाही. क्लस्टर मोजक्या अणूंचा, साधारण दोन नॅनोमीटरच्या आतला असतो आणि त्यातले बरेचसे स्वतः प्रकाशतात. त्याहून मोठ्या पार्टिकलचे द्रावण लालबुंद दिसते, कारण ते 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात.

प्रश्न : निळ्या उजेडाच्या कुमारिन डायमध्ये अल्ब्युमिन या प्रथिनावर बनवलेले सोन्याचे क्लस्टर घातले. 370 नॅनोमीटरच्या प्रकाशाने एक्साइट केल्यावर डायचा उजेड निम्मा झाला. 50 टक्के फ्रेट (डायची ऊर्जा उजेड न होता थेट शेजारच्या कणाकडे जाणे) झाले असे लिहू का? (एमएस्सी, ठाणे पश्चिम)

लिहू नका. हा एकच प्रश्न मला वर्षभर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत येतो, म्हणून सविस्तर सांगते.

आधी अब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते तो आकडा, पाहा. क्लस्टर 370 लाही प्रकाश शोषतो आणि डाय जिथे उजेड देतो त्या 450 लाही. समजा मिश्रणाचा अब्सॉर्बन्स 370 ला 0.4 आहे आणि 450 ला 0.2. दोन्हींची बेरीज 0.6, तिचे निम्मे 0.3, आणि 10 चा 0.3 वा घात जवळजवळ 2. म्हणजे तुमचा ‘निम्मा’ उजेड क्लस्टरने वाटेतच गिळला. डायकडून त्याच्याकडे ऊर्जा गेलीच नाही. याला इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. द्रावण पातळ करा, अब्सॉर्बन्स 0.1 च्या खाली आणा, आणि मग बोला.

आता अंतर. एक मायक्रोमोलर द्रावणात शेजारच्या दोन रेणूंमध्ये सरासरी सव्वाशे नॅनोमीटरच्या आसपास अंतर असते. फ्रेटला दहाच्या आतले लागते. डाय चार नॅनोसेकंद प्रकाशत असेल, तर तेवढ्या वेळात तो दोन-चार नॅनोमीटरच सरकतो. म्हणून दोघे एकमेकांना बांधलेले हवेत. डाय अल्ब्युमिनच्या घडीत जाऊन बसत असेल तर तो क्लस्टरच्या जवळ येऊ शकतो, पण तो बसतो हे वेगळ्या प्रयोगाने दाखवावे लागते.

खरा साक्षीदार डायचा लाइफटाइम, म्हणजे एक्साइट झाल्यावर तो सरासरी किती वेळ प्रकाशतो ते. तो 4 नॅनोसेकंदांवरच राहिला आणि उजेड मात्र घटला, तर ते फ्रेट नव्हे. लाइफटाइम 4 वरून 1 वर आला तर फ्रेटची कार्यक्षमता 75 टक्के धरता येईल. पण इलेक्ट्रॉन ट्रान्सफरनेही तो घटतो, म्हणून क्लस्टरचा लाल उजेड वाढला का तेही पाहा. त्यासाठी तेवढ्याच क्लस्टरचे डायविना रीडिंग हवे, कारण 370 ला क्लस्टर स्वतःही एक्साइट होतो. एवढे हाती आले की गाइडसमोर आकडे ठेवा, आणि त्यानंतरच ‘फ्रेट’ हा शब्द वापरा.

प्रश्न : फ्रेटच्या सूत्रात अंतराचा सहावा घात घ्यायचा की चौथा? (पीएचडी, खारघर)

फ्रेटचे सूत्र मांडणाऱ्या फोर्स्टरचा सहावा घात दोन बिंदूंसारख्या डायपोलसाठी (विद्युतभाराच्या जोड्यांसाठी) आहे. स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी 1967 मध्ये प्रोलीनच्या साखळीच्या दोन टोकांना डाय बांधून तो पडताळला. धातूच्या पृष्ठभागासाठी चौथा घात वापरतात. ज्या अंतरावर कार्यक्षमता 50 टक्के असते त्याच्या दुप्पट लांब गेलात, तर सहाव्या घाताने ती दीड टक्का उरते, चौथ्याने जवळपास सहा. मोजक्या अणूंच्या क्लस्टरला ‘पृष्ठभाग’ म्हणावे का, हा वाद मिटलेला नाही. दोन्ही सूत्रे लावून पाहा, आणि कुठले छापायचे ते गाइडशी बसून ठरवा.

प्रश्न : एक विक्रेता ‘फ्रेट-रेडी’ क्लस्टर देतो, एका दिवसात रिझल्टची खात्री देतो. घेऊ का? (एमएस्सी, कोपरखैरणे)

रिझल्टची खात्री देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. डाय आणि क्लस्टर यांचे स्पेक्ट्रम एकमेकांवर येतात की नाही, हे तुमच्या डायवर ठरते. बाटलीवरच्या लेबलवर नाही. माझ्याकडे अशीच एक बाटली आली होती. तळाशी जांभळट गाळ बसला होता, म्हणजे क्लस्टर केव्हाच एकत्र येऊन मोठे झाले होते. बिल मात्र पूर्ण लावले होते. त्या बॅचचा अब्सॉर्बन्स आणि एमिशनचा आलेख आधी मागा, तो गाइडला दाखवा. आलेख देत नसेल तर विषय संपला.

प्रश्न : एकाच सॅम्पलचे रीडिंग पावसाळ्यात दर मिनिटाला बदलते. (ऐरोली)

सॅम्पल फ्रीजमधून काढून तसेच ठेवत असणार. जुलैच्या दमट हवेत थंड क्युव्हेटवर (सॅम्पल भरायच्या पारदर्शक नळीवर) बाहेरून बारीक दव धरते, खिडकीशी धरून तिरके पाहा, लगेच दिसेल. पंधरा मिनिटे थांबा, लिंट न सुटणाऱ्या टिश्यूने पुसा.

प्रश्न : अंधारात टॉर्चखाली चमकते तेच शुद्ध ‘नॅनो सोन्याचे पाणी’, ते रोज प्यावे, असे व्हिडिओत ऐकले. खरे का? (गृहिणी, घणसोली)

चमकण्याने शुद्धता सिद्ध होत नाही. क्विनाइन घातलेले टॉनिक वॉटरही अतिनील दिव्याखाली निळे चमकते. पिऊ नका. प्यायला असाल तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : कॉलेजात लाइफटाइमचे उपकरण नाही. थिसिस दोन महिन्यांवर. काय करू? (पीएचडी, कळवा)

हे सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते. पवईच्या आयआयटीतल्या एसएआयएफ या उपकरण-सुविधेसारख्या केंद्रात बाहेरची सॅम्पल्स शुल्क भरून घेतात. हे उपकरण आहे का, चालू आहे का, नंबर कधी लागेल, हे आज फोन करून विचारा. कुणीतरी ‘तिथे घेत नाहीत’ म्हणाले म्हणून बसून राहू नका. तिथल्या तंत्रज्ञांना कुठली वेव्हलेंग्थ देता येईल तेही विचारा. जाताना चार बाटल्या न्या : नुसता डाय, नुसते क्लस्टर, मिश्रण आणि बफर (ज्यात सगळे विरघळवले ते नुसते द्रावण). चौथी बाटली नेहमी विसरली जाते.