जेवताना काका वर्णावरून, समलिंगी लोकांवरून विनोद करतात. भांडण न होता काय बोलावं?

भाषण नको. तिथल्या तिथे, आवाज न चढवता एकच वाक्य: "काका, यात हसण्यासारखं काय आहे? मला नाही कळलं, सांगा ना." विनोद समजावून सांगायला लागला की त्यातली हवाच जाते. मग चार-पाच सेकंद गप्प राहा. प्रश्न विचारणारे बहुतेक जण इथेच घसरतात. शांतता सहन होत नाही आणि स्वतःच "असो, जाऊ द्या" म्हणून मोकळे होतात.

"तुम्ही वर्णद्वेषी आहात" म्हटलंत की वाद माणसावर जातो, बोललेलं वाक्य बाजूला राहतं. वाक्यालाच धरा. "हा आजार आहे" असं आलं, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, एवढं सांगून थांबा. सविस्तर बोलणं नंतर, दोघंच असताना.

काका बदलतीलच असं नाही. पण ताटात मान घालून बसलेलं एखादं पोर ऐकत असतं, या घरात कुणाला सांगता येईल याचा अंदाज घेत. मात्र "आपल्यातही असेल कुणी" असं चुकूनही म्हणू नका. लगेच सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात.