भाजलं की बुरशीचं विष जातं का?

प्रश्न : ताई, शेंगदाण्यात काळपट, बुरशी आलेले दाणे निघाले की मी ते निवडून टाकते आणि बाकीचे खरपूस भाजून वापरते. कित्येक वर्षं असंच चाललंय, घरात कुणाला काही झालं नाही. पण आता वाचलं की त्या बुरशीने जीन्स बिघडतात. खरंय का? आणि हे मुलांत उतरतं का?

उत्तर : निवडता ते चांगलंच, पण तेवढ्यावर किंवा भाजण्यावर भिस्त ठेवू नका. भाजल्यावर बुरशी मरते, तिने आधीच सोडलेलं विष थोडंफार कमी होतं, संपत नाही, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला. १९६० मध्ये इंग्लंडात टर्कीची लाखभर पिल्लं पटापट मेली, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरून याचा माग लागला.

जीन्सचंही खरं आहे. हे विष लिव्हरमध्ये जातं, लिव्हर ते बाहेर टाकायला म्हणून त्याचं रूप बदलतं आणि तिथेच घात होतो, कारण जीन्स डीएनएच्या ज्या चार अक्षरांत (ए, टी, जी, सी) लिहिलेले असतात, त्यातल्या ‘जी’ला ते नवं रूप जाऊन चिकटतं. पेशी बहुतेक वेळा दुरुस्ती करते, पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की कधीतरी दुरुस्ती राहून जाते आणि ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो. पी५३ नावाचा जीन बिघडलेल्या पेशीला वाढू देत नाही, त्याच्या २४९व्या कोडॉनमध्ये, म्हणजे तीन अक्षरांच्या शब्दात, एजीजीचं एजीटी होतं, बस्स, एवढंच एक अक्षर, आणि राखणदारच गेला. चीन आणि आफ्रिकेतल्या ज्या भागांत हे विष जेवणातून जास्त जायचं तिथल्या लिव्हर कॅन्सरच्या पेशंटमध्ये नेमका हाच बदल १९९१ मध्ये सापडला. यातलं काहीच दुखत नाही हो, म्हणून ‘कुणाला काही झालं नाही’ यावर विसंबू नका.

मुलांचं म्हणाल तर तुमच्या लिव्हरच्या पेशीतला बिघाड त्यांच्यात उतरत नाही, तेवढी भीती मनातून काढा. पण तेच दाणे ती पण खातात ना! आणि गरोदर बाईच्या रक्तातून हे विष बाळापर्यंत पोचतं, तेव्हा त्या दिवसांत तर अजिबात चालढकल नको.

बुरशी दिसली की ती सगळी पिशवीच टाका, जनावरांनाही घालू नका, ते दुधात उतरतं. खवट, कडू लागलेला दाणा थुंकून टाका. आणि घरात हिपॅटायटिस बीची लस कुणाची राहिली असेल तर आधी ती घ्या, कारण ती कावीळ आणि हे विष एकत्र आले की लिव्हर कॅन्सरचा धोका कैक पटीने वाढतो.