पहिल्यांदाच नाताळचा तारा करताय? मग हे वाचा

अगं पहिल्याच वर्षी येशूजन्माचा गोठा, झाड सगळं अंगावर घेऊ नकोस, फक्त तारा कर. दिवाळीचा कंदील केलायस ना, मग हात बसलेलाच आहे. सारख्या लांबीच्या १० बांबूच्या काड्या घे, ५-५ च्या दोन चांदण्या बांध, मग त्यांची टोकं एकमेकांना दोऱ्याने आवळून मधल्या ५ कोपऱ्यांत बोटभर काड्या आडव्या अडकव, त्यानेच तो फुगतो, मी पहिल्यांदा त्याच विसरले आणि पापडासारखा चपटा तारा बाल्कनीत लटकला, भाऊ अजून चिडवतो. पतंगी कागद मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडे घे. खळ घट्टच हवी, पातळ झाली की कागद सुरकुततो. आत एलईडीच लाव, साधा बल्ब तापतो. आणि कुलकुल, म्हणजे नाताळचा तो तळलेला गोड फराळ, वळायला सगळे बसतील ना, तेव्हाच कागद चिकटवायला पोरांना दे, वाकडं झालं तर होऊदे.