वाचक विचारतात : पेगन मेळाव्यात रांगोळीचा तास

अमेरिकेतल्या पेगन मेळाव्यांबद्दल पाच पत्रं आली आहेत. एक पुण्याहून, बाकीची तिकडच्या मराठी वाचकांची. तिसऱ्या पत्राचं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे, कारण तेवढा तपशील एका जागी सहसा मिळत नाही.

प्रश्न : मुलगी मिनेसोटात शिकते. मैत्रिणींबरोबर 'पेगॅनिकॉन'ला जायचं म्हणते. हे जादूटोणावाले लोक असतात ना? (पुणे)

नाही. पेगन हा एक धर्म नसून मोट आहे. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपात जे देव आणि जे ऋतूंचे सण होते, ते आज नव्याने मांडणारे अनेक पंथ या नावाखाली येतात. विक्का हा त्यातला सर्वांत ओळखीचा. ब्रिटनमधला जुना जादूटोणा कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी हा पंथ उघडपणे लोकांपुढे आणला. याशिवाय प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड आहेत, ओडिन-थोर हे उत्तर युरोपातले देव मानणारे हीदन आहेत, ग्रीक देवता पूजणारे आहेत. त्यांच्यातल्या 'विच'चं आपण 'चेटकीण' असं भाषांतर केलं की सगळाच घोळ होतो. 'पेगन'च्या मूळ लॅटिन शब्दाचा एक अर्थ 'खेडवळ' असा आहे, आणि मिशनऱ्यांच्या लिखाणात तोच शब्द आपल्या आज्या-पणज्यांनाही लावलेला सापडतो.

पेगॅनिकॉन मेळावा मार्चमध्ये ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) हॉटेलात भरतो. खोल्यांमध्ये व्याख्यानं, एका दालनात दुकानं, रात्री विधी असं त्याचं स्वरूप असतं. काळजीच करायची तर मेळाव्याच्या नियमावलीत तीन गोष्टी पाहायला सांगा : अंगाला हात लावण्यापूर्वी परवानगीचा नियम लिहिला आहे का, तक्रार कोणाकडे करायची ते दिलं आहे का, आणि विधीत सामील न होता नुसतं बसून पाहता येतं का. पहिल्या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर मेळावा कोणत्याही धर्माचा असो, जाऊ नये.

प्रश्न : जूनमध्ये प्रथमच तंबूतल्या मेळाव्याला जातो आहे. काय न्यावं, कसं वागावं? (कोलंबस, ओहायो)

'पेगन स्पिरिट गॅदरिंग' 1980 पासून, 'स्टारवुड' 1981 पासून चालू आहे. म्हणजे रीतीभाती आता मुरलेल्या आहेत. पंढरीच्या वाटेवर मुक्कामाला जसं प्रत्येकाचं ताट-वाटी आपलं आपल्याजवळ, तसंच इथे : पेला, ताट, चमचा घरून न्या. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 4 लिटर धरा. ढोल पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा कानात घालायचे बोळे हवेतच. शिवाय तंबू टाकताना आधी 'शांत छावणी' कुठे आहे ते विचारा, कारण बोळ्यांनी निम्मंच भागतं. टॉर्चवर लाल जिलेटिन लावा. पांढऱ्या झोताने अंधाराला सरावलेले सगळ्यांचे डोळे दिपतात. बऱ्याच ठिकाणी काही तासांचं श्रमदान सक्तीचं असतं. त्यात फाटकावरची पाळी मागून घ्या, ओळखी तिथे होतात.

गोचिडी हा खरा धोका. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. पँट मोज्यात खोचा, रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू आणि केसांची मुळं तपासा. जंतू अंगात जायला बहुतेक वेळा 24 तासांहून अधिक लागतात, म्हणून रोजची तपासणी चुकवू नका. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं हे घरगुती उपाय नकोत.

आता वागणं. मधली मोठी आग पाहून होळीची आठवण होईल, पण नारळ टाकू नका. आतलं पाणी उकळून नारळ फुटतो आणि निखारे गोल करून नाचणाऱ्यांच्या अंगावर उडतात. त्या आगीला राखणदार नेमलेले असतात, काही अर्पण करायचं तर त्यांना विचारून. आगीभोवती फिरायचं ते बहुधा आपल्या प्रदक्षिणेच्याच दिशेने. विधीसाठी वर्तुळ बांधलं की मध्येच उठून चालू पडायचं नाही. बाहेर जायचंच असेल तर शेजारच्याला खूण करा, तो वाट 'उघडून' देईल. मांडलेल्या वस्तूंना, विशेषतः सुरीला, हात लावायचा नाही. आपल्या देवघरातलं कोणी न विचारता उचललं तर जसं वाटेल तसंच ते. हीदन लोकांच्या 'सुंबेल'मध्ये मधाच्या दारूचं शिंग हातोहात फिरतं. पीत नसाल तर उंचावून, दोन शब्द बोलून पुढे द्या. मात्र शिंग हातात असताना बोललेली शपथ ते लोक खरी धरतात, तेव्हा उत्साहात काहीतरी कबूल करून बसू नका.

फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाही, पाठमोरेही नाहीत. कित्येकांनी नोकरीत किंवा घटस्फोटाच्या खटल्यात आपली श्रद्धा सांगितलेली नसते, आणि एका फोटोने मुलांचा ताबा वादात येऊ शकतो. काही मेळाव्यांत कपडे ऐच्छिक असतात. ते नियमावलीत आधीच पाहून ठेवा म्हणजे दचकायला होणार नाही.

प्रश्न : मेळाव्यात कार्यशाळा घ्यावी असं मनात आहे. विषय 'हिंदू धर्माची ओळख' ठेवू का? प्रस्ताव कसा पाठवतात? (न्यू जर्सी)

तो विषय नको. तासाभरात तो मावत नाही. शिवाय तंबूत तुम्ही एकटेच भारतीय असाल तर कालीच्या तंत्रापासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळ्याचे जाणकार समजून लोक प्रश्न विचारतील. तुमच्या हाताला येणारी एकच गोष्ट घ्या. उदाहरणादाखल ठिपक्यांची रांगोळी घेऊ. पेगन लोकांना उंबरठा हा विषय जिव्हाळ्याचा आहे, ऋतू बदलतानाच्या त्यांच्या सणांत 'दार' सारखं येतं. आणि करून पाहायला मिळतं, जे ऐकण्यापेक्षा कधीही बरं.

प्रस्ताव मेळाव्याच्या चार-सहा महिने आधी जातो. त्यात नाव, 75 ते 100 शब्दांचं वर्णन, स्वतःबद्दल तीन ओळी, किती लोक चालतील, मुलं चालतील का, आणि जागा कशी हवी एवढं द्या. वर्णनात 'लोक काय घेऊन बाहेर पडतील' ते पहिल्याच वाक्यात लिहा : 'तुम्ही 37 ठिपक्यांची एक रांगोळी स्वतः काढाल.' 'प्राचीन ज्ञानाचा प्रवास' असलं लिहिलेले प्रस्ताव निवड करणाऱ्यांकडे ढिगाने येतात. मोबदला सहसा नसतो, प्रवेश फुकट किंवा सवलतीत मिळतो.

60 मिनिटांचा तास 45 चा धरा. लोक पाच मिनिटं उशिरा येतात आणि शेवटची दहा जागा साफ करायला जातात. आकृती '7 ते 4' घ्या : मधली ओळ 7 ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक कमी करत 4 पर्यंत, एकूण 37. आपल्या दिवाळीच्या '15 ते 8'मध्ये 169 ठिपके होतात, नवशिके तिथेच अडकतात. ठिपक्यांत 5 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर आकृती 30 सेंटिमीटर रुंद होते आणि तिकडच्या 22 बाय 28 इंची काळ्या पुठ्ठ्यावर आरामात बसते. गवतावर रांगोळी दिसत नाही, म्हणून पुठ्ठा. दोघांत एक.

ठिपके हाताने टाकायला लावू नका. आजीचा भोकांचा कागद करा : जाड खाकी कागदावर खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची. उदबत्ती टेकवून लगेच उचलायची, रेंगाळली तर भोक तांदळाच्या दाण्याऐवजी वाटाण्याएवढं होतं. कागद पुठ्ठ्यावर ठेवून वर मूठभर रांगोळी पसरायची, तळव्याने हलकेच फिरवायची आणि कागद सरळ वर उचलायचा. बाजूला ओढला की ठिपके पुसलेच. वीस जणांना असे दहा कागद.

पांढरी रांगोळी जोडीला 150 ग्रॅम लागते. दहा जोड्यांना दीड किलो, पण पहिली दहा मिनिटं नुसती सांडण्यात जातात, म्हणून 2 किलो न्या. पाच रंग प्रत्येकी 200 ग्रॅम. भारतातून आणत असाल तर छापील पाकिटात, चेक-इन सामानात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात 350 मिलीलिटरपेक्षा जास्त भुकटी हातातल्या पिशवीत असली तर अडवतात. तिथेच करायची तर एक किलो बारीक चाळलेली कोरडी वाळू आणि दोन मोठे चमचे रंग. बागेसाठी मिळणारा दळलेला चुनखडक चालतो, पण 'हायड्रेटेड लाइम' लिहिलेली पिशवी चुकूनही नको. तो विरलेला चुना आहे, बोटं आणि डोळे भाजतात. तांदळाचं पीठ दवाने लगदा होतं आणि मग मुंग्या येतात.

वेळ अशी वाटा : पाच मिनिटं उंबरठा आणि सडा-रांगोळीबद्दल, दहा मिनिटं नुसती रेघ, पाच मिनिटं ठिपके, वीस मिनिटं जोडणं, पाच मिनिटं रंग. रेघेची दहा मिनिटं कापू नका. तिकडचे लोक पाचही बोटांनी मीठ भुरभुरावं तशी रांगोळी टाकतात. अंगठा आणि तर्जनीत चिमूट, हात पुठ्ठ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर, अंगठा मागे सरकवत हात स्वतःकडे ओढायचा. रेघ तुटत असेल तर बहुधा रांगोळीला दमट लागलेलं असतं. अर्धा तास उन्हात परातीत पसरून ठेवा. ज्यांची बोटं आखडतात त्यांच्यासाठी 2 मिलीमीटर तोंडाच्या सॉसच्या दोन-तीन बाटल्या भरून ठेवा. वृद्ध मंडळी बरीच असतात.

तीनच लोक आले तरी तास घ्या. चाळीस आले तर वीस जणांना बसवून बाकीच्यांना उभं राहून पाहू द्या, साहित्य अर्धं-अर्धं वाटलं तर कोणाचंच धड होत नाही. शेवटी प्रसाद द्यायचा बेत असेल तर आयोजकांची परवानगी आधी घ्या आणि नारळ, काजू, दूध असं काय काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुठ्ठे जागीच झटकू नका. दुमडून एका पोत्यात रिकामे करा. रंग गवताला लागलेला दिसला तर पुढच्या वर्षी तंबू मिळत नाही.

प्रश्न : रांगोळीत स्वस्तिक काढलं तर काय होईल? आपलं आहे, लपवायचं का? (शिकागो)

तुमचंच आहे, तरी तिथे काढू नका. नॉर्डिक चिन्हं वापरणाऱ्या हीदन लोकांत नव-नाझी घुसलेले आहेत आणि बाकीचे हीदन त्यांना हाकलायला वर्षानुवर्षं झगडत आहेत. जमिनीवरचं स्वस्तिक लांबून पाहणाऱ्याला तुमचं स्पष्टीकरण ऐकू येत नाही. शिवाय मेळाव्यात ज्यू वंशाचे लोक असतात. कोणी विचारलं तर बोलून सांगा, चर्चा चांगली होते. षटकोनी चांदणी पाहून लोक दाविदाचा तारा म्हणतील, त्याला हरकत नाही. पंचकोनी मात्र पेगन लोकांची स्वतःची : 2007 मध्ये अमेरिकी सरकारने मृत सैनिकांच्या स्मृतिशिळेवर ती कोरायला मान्यता दिली, तीही बरीच वर्षं भांडल्यावर. तुम्ही ती काढलीत तर खूश होतील. त्यापेक्षाही गौरीची पावलं काढा, बाहेरून आत येणारी. ती समजावून सांगावी लागत नाहीत.

प्रश्न : एच-1बी वर आहे. मानधन घेऊ का? आणि हॉटेलातल्या मेळाव्यात धूप चालतो का? (सॅन होजे)

मानधन नको, दुकान लावून काही विकणंही नको. एच-1बी वर ज्या मालकाने अर्ज केला त्याच्याचकडे काम करता येतं. फुकट प्रवेशाबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारा किंवा सरळ तिकीट काढा.

तुमच्या गावात 2020 पर्यंत 'पँथियाकॉन' हा पेगन मेळावा हॉटेलातच भरायचा. हॉटेलातल्या मेळाव्याला एक नियम कायम लागू : धूर नाही, ज्योत नाही. धुराचा भोंगा वाजला की सगळी इमारत रिकामी करतात. बॅटरीचे दिवे न्या. उघड्या मैदानात धुपाला परवानगी असेल तर धुपाटण्यात आधी 3 सेंटिमीटर कोरडी वाळू घाला. तिथल्या दुकानांत मिळणाऱ्या कोळशाच्या चकतीत सोरा असतो, ती झटकन पेटते आणि एवढी तापते की वाळू नसेल तर मातीचं भांडं तडकतं, खालचं टेबल जळतं. काठावर पेटवून चकती पूर्ण राखाडी झाल्यावरच ऊद टाका. आधी टाकला तर जळका आणि उग्र वास येतो. विझली असं वाटल्यावरही ती तासभर गरम असते. पाण्याच्या बादलीत बुडवूनच कचऱ्यात टाका.