इंग्रजी अर्थावर किती विसंबायचं?

प्रश्न : इंग्रजी पुस्तकावरून इटालियन शिकते आहे. बरेच शब्द इंग्रजीसारखेच दिसतात. तोच अर्थ धरला तर चालेल का?

उत्तर : पुष्कळदा चालेल. नेशनचं ‘नात्सिओने’, स्टेशनचं ‘स्तात्सिओने’ असं एकदा लक्षात आलं की शेकडो शब्द आपोआप कळतात. हा फायदा जरूर घ्या. पण रोजच्या वापरातले शब्द मात्र नीट तपासूनच घ्या. माझ्या वर्गात ‘लिब्रेरीआ’ला सगळे लायब्ररी म्हणतात, ते असतं पुस्तकांचं दुकान. ग्रंथालय हवं असेल तर ‘बिब्लिओतेका’ विचारा. ‘पारेन्ती’ म्हणजे नातेवाईक, आईवडील ते ‘जेनितोरी’. ‘कामेरा’ म्हणजे खोली.

इटलीत न्हाणीघरातल्या नळावर ‘सी’ दिसला तर हात सांभाळा. तो ‘काल्दो’चा, म्हणजे गरम पाण्याचा. थंड पाण्याला ‘एफ’, ‘फ्रेद्दो’चा. पिझ्झ्यावर ‘पेपेरोनी’ मागितलीत तर ढोबळी मिरची येईल. इंग्रजीतल्या पेपरोनीच्या, म्हणजे मांसाच्या तिखट सॉसेजच्या, जवळचा पदार्थ हवा असेल तर ‘सालामे पिक्कान्ते’ मागा. आणि नुसतं ‘लात्ते’ म्हणालात तर कपभर दूधच मिळेल, कॉफी नाही!

आणखी एक. शब्द वहीत उतरवताना त्याचं लिंगही लिहा. इंग्रजी इथे काहीच मदत करत नाही, पण आपल्याला मराठीमुळे ही सवय असतेच. ‘ओ’ने संपणारे शब्द बहुधा पुल्लिंगी, तरी हाताला ‘ला मानो’ म्हणतात, स्त्रीलिंगी.